नासाआन का रितो? : फिलिपिन्सचा इतिहास पास होताना

ऑगस्ट २०२३ मध्ये, फिलिपिन्समधल्या दवाओ शहरातल्या आमच्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक हातात पडलं आणि आमच्या भारतीय मुलांच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला: "आपण डॉक्टर व्हायला आलोय की एमपीएससी द्यायला?"

वेळापत्रकात 'रीडिंग्ज इन फिलिपीन हिस्टरी' हा तीन युनिटांचा विषय होता. पुढच्या सत्रात इथले राष्ट्रनायक होसे रिझाल यांच्या आयुष्यावर आणि लेखनावर आणखी तीन युनिटं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फिलिपिन्समध्ये बारावीनंतर थेट एमबीबीएस नसतं. आधी बीएस, मग एनमॅट ही प्रवेशपरीक्षा, मग एमडी (ही इथली डॉक्टरकीची मूळ पदवी, आपल्याकडची पदव्युत्तर एमडी नव्हे). बीएस ही इथली साधी पदवी आहे, त्यामुळे इथल्या उच्च शिक्षण आयोगाने २०१३ मध्ये ठरवलेले सामान्य विषय त्यात येतातच. रिझालचा विषय तर १९५६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, कायदा क्रमांक १४२५. परदेशी म्हणून सूट मिळते का, म्हणून मी अर्ज करून पाहिला. चार दिवसांनी नकार आला. तुम्ही त्या फंदात पडू नका.

एजंटने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून जाता जाता: इकडे येण्याचा विचार असेल तर एजंटच्या शब्दावर विसंबू नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम आणि त्यानंतरच्या सूचना स्वतः वाचा, घरच्यांनाही वाचायला लावा. ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, वर्षभराची इंटर्नशिप, हे सगळं तिथे आहे.

मी लातूर जिल्ह्यातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दहावीला इतिहासात चांगले मार्क पडले होते, ते कसे, हे आमच्याकडच्या सगळ्यांना ठाऊक आहे: कारणे, परिणाम, महत्त्व, प्रत्येकी चार मुद्दे, खाली रेघ. त्यामुळे या विषयाची भीती नव्हती. कंटाळा होता.

त्यात पहिल्या वर्षी माझं रसायनशास्त्र राहिलं होतं. त्याच्या तासांमुळे वेळापत्रक फिरलं आणि मी भारतीय मुलांच्या तुकडीतून बाहेर पडले. इतिहासाला चाळीस फिलिपिनो मुलांत मी एकटी. सर इंग्रजीत सुरुवात करायचे, विनोद बिसाया या इकडच्या भाषेत करायचे आणि चिडले की टागालोग या मनिलाकडच्या भाषेत जायचे. पहिले तीन आठवडे मी इतरांकडे बघून हसत होते. शेजारी बसणारी मुलगी माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मधे नोकरी करून परत शिकायला आलेली. तिला मी 'आते' म्हणायला लागले. आते म्हणजे ताई, आपली आत्या नव्हे. सर काय म्हणाले ते ती वहीच्या कडेला इंग्रजीत लिहून वही माझ्याकडे सरकवायची.

पहिलं काम मिळालं ते १८७२ च्या काविते बंडाचं. २० जानेवारीच्या रात्री काविते इथल्या शस्त्रागारातल्या शिपायांनी आणि कामगारांनी उठाव केला. तो चिरडला गेला आणि १७ फेब्रुवारीला गोमेझ, बुर्गोस, झामोरा या तीन धर्मगुरूंना मनिलात गळा आवळून मारण्यात आलं. सरांनी दोन उतारे दिले होते. एक स्पॅनिश इतिहासकार मोंतेरो इ विदाल यांचा: हा स्पेनची सत्ता उलथण्याचा कट होता. दुसरा पार्दो दे तावेरा या फिलिपिनो विद्वानाचा: कामगारांना कर आणि वेठबिगारीतून जी सूट होती ती काढून घेतली, त्याचा तो भडका होता, कट बिट काही नव्हता. दोन्ही वाचा आणि दोन पानांचा 'रिफ्लेक्शन पेपर' लिहा.

मी लिहिला. कारणे चार, परिणाम चार, महत्त्व चार. तीसपैकी बारा मिळाले. खाली लाल पेनाने तीनच शब्द: नासाआन का रितो?

आतेने अर्थ सांगितला. "तू यात कुठे आहेस?"

मला खरंच राग आला. १८७२ मध्ये मी कुठे असणार? सरांकडे गेले तर ते म्हणाले, "दोघांपैकी तुला कोण पटलं आणि का, हे मी दोन पानांत शोधत होतो." मी म्हटलं, "सर, आमच्याकडे उत्तरात 'मी' लिहिलं तर मार्क कापतात." ते हसले नाहीत. "मग ते आधी लिही," म्हणाले.

सप्टेंबरमध्ये एक बरा दिवस आला. विषय होता, इथली पहिली मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना, कुठे झाली: लिमासावा बेटावर की बुतुआनला. मॅगेलनच्या ताफ्यासोबत आलेल्या पिगाफेत्ताने ३१ मार्च १५२१ ची नोंद करून ठेवली आहे, पण त्याने लिहिलेलं ठिकाण नेमकं कोणतं, यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडतायत. सरकारने तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या. २०२० मध्ये राष्ट्रीय इतिहास आयोगाने पुन्हा लिमासावावरच शिक्का मारला. बुतुआनच्या लोकांचं समाधान अर्थातच झालेलं नाही. आमच्या वर्गात बुतुआनची दोन मुलं होती, त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

मला एकदम आमची शिवजयंती आठवली. हात वर केला. म्हटलं, आमच्याकडे राजाच्या जन्मतारखेवरून असंच आहे. एक पक्ष १६२७ म्हणायचा, दुसरा १६३०. शेवटी सरकारने १९ फेब्रुवारी १६३० धरली, तरी तिथीने साजरी करणारे वेगळे आहेतच, त्यामुळे आमच्या गावात मिरवणूक दोनदा निघते. वर्ग हसला. सरांनी विचारलं, "१६३० हे कशावरून?" मी म्हटलं, जुन्या शकावल्यांवरून. "कोणी लिहिलेल्या? कधी?" मला काहीच सांगता येईना. शाळेत दर वर्षी भाषण केलेली मी, आणि तारीख कुठून आली हे कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री वडिलांना फोन लावला. जेधे शकावली हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं.

ऑक्टोबरमध्ये मार्शल लॉ. सप्टेंबर १९७२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा लावला, तो १९८१ पर्यंत कागदोपत्री होता, आणि १९८६ च्या फेब्रुवारीत लोक रस्त्यावर उतरल्यावर ते देश सोडून गेले. छळ झालेल्यांना भरपाई देण्यासाठी २०१३ मध्ये कायदा झाला, त्याखाली ११,१०३ जणांचे दावे मंजूर झाले. त्याच मार्कोस यांचा मुलगा २०२२ मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आला. हे सगळं फळ्यावर होतं आणि वर्ग गप्प होता. आते नंतर कँटीनमध्ये म्हणाली, "माझी लोला म्हणते त्या काळात तांदूळ स्वस्त होता आणि रस्ते झाले." लोला म्हणजे आजी. थोडं थांबून म्हणाली, "आणि लोलाचा भाऊ परत आला नाही. ती दोन्ही एकाच दमात सांगते."

माझे आजोबा म्हणायचे, आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या. ते मी तिला सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी दुसरी चहा-कॉफी घेतली, मी तासाला उशिरा पोचले.

एक सावधगिरीची गोष्ट. दवाओ हे दुतेर्ते यांचं शहर. ते इथे वर्षानुवर्षं महापौर होते, २०१६ ते २०२२ देशाचे अध्यक्ष. त्यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत सरकारी आकड्यानुसारच सहा हजारांवर माणसं मेली. वर्गात हा विषय निघाला तेव्हा कुणाच्या तरी घरचा कुणीतरी दोन्ही बाजूंना होता. ऐका, वाचा, पेपरात लिहा. पण मोर्चाबिर्चात जाऊ नका. परदेशी माणूस तिथे दिसला तर इमिग्रेशन थेट परत पाठवू शकतं, आणि विद्यार्थी व्हिसावर तो जुगार परवडत नाही.

नोव्हेंबरमध्ये अभ्यास तुंबला. १७ तारखेला दुपारी मोठा भूकंप झाला, कॉलेज बंद, परीक्षा पुढे. २ डिसेंबरच्या रात्री साडेदहानंतर त्याहून मोठा, ७.४ चा. सुरिगावच्या किनाऱ्याला केंद्र होतं, पण दवाओत पंखा झोपाळ्यासारखा हलत होता. आम्ही पायजम्यावर रस्त्यावर. माझ्या हातात पासपोर्ट, फोन आणि का कोण जाणे, पोळपाट. (तेव्हापासून दाराशी एक पिशवी ठेवते: पासपोर्टची झेरॉक्स, एसीआर कार्ड (परदेशी माणसाचं इथलं ओळखपत्र), पाणी, बिस्किटं. तुम्हीही ठेवा.)

शेवटचा पेपर त्या आठवड्यात द्यायचा होता. विषय: फिलिपिन्सच्या इतिहासातली एक घटना आणि आजचा एक सामाजिक प्रश्न, पाच पानं. मी इकडून तिकडून उचलून, वाक्यं फिरवून, एका रात्रीत तयार केला. विषय घेतला होता परदेशी कामगार, कारण त्यावर माहिती भरपूर मिळते. सरांनी तो परत दिला. नापास केलं नाही, 'आयएनसी' दिलं, म्हणजे अपूर्ण. म्हणाले, "हा पेपर तू लिहिलेला नाहीस आणि हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. वर्षभराची मुदत आहे."

घरी सांगितलं नाही. भूकंपामुळे निकाल लांबलाय, असं सांगितलं.

आता हा 'आयएनसी' काढायचा कसा, ते तपशिलात लिहिते, कारण मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. आमच्या कॉलेजची पद्धत अशी होती: रजिस्ट्रारकडून 'कम्प्लिशन फॉर्म' घ्यायचा, त्याआधी कॅशियरकडे २०० पेसो भरून पावती आणायची (तेव्हा पेसो साधारण दीड रुपयाला होता). पावती नसेल तर फॉर्म नाही. फॉर्मवर आधी शिक्षकाने गुण लिहून सही करायची, मग विभागप्रमुख, मग डीन, मग परत रजिस्ट्रार. मी उत्साहाने जानेवारीतच फॉर्म घेतला आणि तिथे चुकले, कारण त्या फॉर्मची मुदत ३० दिवसांची होती. पेपर तयार नव्हता, फॉर्म वाया गेला, २०० पेसो गेले. पेपर आधी लिहा, फॉर्म नंतर घ्या. पावतीच्या दोन झेरॉक्स काढा, पानाला दोन पेसो लागतात, खिडकीवर ऐनवेळी मागतात आणि झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडे असतं.

त्यातच वार्षिक हजेरी. पर्यटक सोडून, एसीआर कार्ड असलेल्या प्रत्येक परदेशी माणसाने वर्षाच्या पहिल्या ६० दिवसांत इमिग्रेशनमध्ये जाऊन नोंद करायची असते, तेव्हा ३१० पेसो लागले. मी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबले, म्हणून पाच तास रांगेत उभी राहिले. जानेवारीत जा.

त्या रांगेत मला खरं म्हणजे पेपर सापडला. माझ्यामागे एक कोरियन बाई आणि पुढे एक नायजेरियन मुलगा. त्याने विचारलं, "तू इथेच का आलीस?" मी सवयीने म्हटलं, "खर्च कमी आणि शिक्षण इंग्रजीत." तो म्हणाला, "मीसुद्धा. पण या लोकांना इंग्रजी कसं काय येतं?"

उत्तर मला ठाऊक होतं, वर्गात झालं होतं. १२ जून १८९८ ला कावित गावातल्या आपल्या घरातून क्रांतीचे नेते आगिनाल्दो यांनी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच वर्षी १० डिसेंबरला पॅरिसच्या तहात स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला दिलं आणि अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर मोजले. फिलिपिनो माणसांना कुणी विचारलं नाही. ४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलात गोळी सुटली आणि नवं युद्ध सुरू झालं. आणि २१ ऑगस्ट १९०१ ला 'थॉमस' नावाचं जहाज मनिलाला लागलं, त्यातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक उतरले. त्यांना इथे थॉमसाइट्स म्हणतात. गावोगावच्या शाळांत इंग्रजी पोचलं ते त्यांच्या हातून. एजंटच्या माहितीपत्रकात 'इंग्रजी माध्यम' असं ठळक छापलेलं असतं, ते या जहाजातून आलेलं.

म्हणजे मी इथे कुठे आहे, तर त्या जहाजाच्या पायरीवर.

दुसरी गोष्ट त्यामागोमाग आठवली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना मोकळं केलं म्हणून. आमच्या घरी ते पुस्तक आहे, अर्पणपत्रिका वडिलांनी मोठ्याने वाचून दाखवली होती. आणि त्यानंतर २६ वर्षांनी त्याच देशाचं सैन्य इथे भातशेतांत लढत होतं. फुले १८९० मध्ये गेले, त्यांनी हे पाहिलं नाही. त्यांची अर्पणपत्रिका यामुळे खोटी ठरते का? मला तसं वाटत नाही. पण मला ती आता पूर्वीसारखी वाचताही येत नाही. पेपरात हे असंच लिहिलं, उत्तर न देता.

लिहायला तीन आठवडे लागले. लिहिलं ते घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारण माझ्या खोलीत वायफाय येत नाही. त्यांना आम्ही 'तिता' म्हणतो, म्हणजे मावशी. खाली त्यांचं छोटंसं किराणा दुकान, साबण आणि शॅम्पूच्या पुड्या टांगलेल्या. मुलगी दुबईत नर्स. मार्चमध्ये तिच्याकडून खोकं आलं. कमरेएवढं, चारी बाजूंनी चिकटपट्टी. तितांनी ते कात्रीने कापलं नाही, नखाने पट्टी सोडवत बसल्या, खोकं परत वापरायचं म्हणून. आत टूथपेस्ट, कॉफी, डबाबंद मांस, टॉवेल आणि एका बाजूला मोज्यांच्या जोडात घातलेली चॉकलेटं. टॉवेल बाहेर काढून त्यांनी आधी नाकाला लावला. मग मला विचारलं, "तू निघालीस तेव्हा आई किती रडली?" मी म्हटलं, विमानतळावर नाही, पण नंतर वडिलांनी सांगितलं. "तेच," त्या म्हणाल्या, "विमानतळावर कुणी रडत नाही."

डिसेंबरच्या पेपरात मी परदेशी कामगारांवर पाच पानं भरली होती. त्यात हे खोकं नव्हतं. या वेळी एक परिच्छेद तेवढ्यासाठीच ठेवला.

दरम्यान रिझालचा विषय सुरू होता. त्याचं थोडक्यात सांगते, कारण तो मला सोपा गेला. रिझाल डोळ्यांचे डॉक्टर, त्यामुळे आमच्या भारतीय मुलांनाही ते जवळचे वाटले. ९ आणि १० एप्रिलला लागून सुट्ट्या आल्या, शौर्यदिन आणि ईद. ८ च्या रात्री आते, तिची एक मैत्रीण आणि मी दापितानला निघालो. रिझाल १८९२ ते १८९६ तिथे हद्दपारीत होते. दवाओहून बुकिद्नोनच्या घाटातून काग्यान दे ओरो, मग इलिगान, मुकासहून ओझामिझपर्यंत फेरी, पुढे दिपोलोग. गाडीतल्या चौघांना उलट्या झाल्या, त्यांतली एक मी. आल्याची वडी जवळ ठेवा. सगळं मिळून माणशी साडेतीन हजार पेसो लागले, स्मारकाला मात्र तिकीट नाही.

समुद्राला लागून झाडी, त्यात परत बांधलेली बांबू-लाकडाची घरं. रिझालना लॉटरीत ६,२०० पेसो मिळाले होते, त्यांतून त्यांनी तिथे जमीन घेतली. गावातल्या मुलांना शिकवलं, फीऐवजी मुलं बागेत काम करायची. गरिबांना फुकट तपासायचे. जून १८९६ मध्ये कातिपुनान या गुप्त संघटनेने पियो वालेन्सुएला या डॉक्टरला त्यांच्याकडे उठावाबद्दल विचारायला पाठवलं, आणि पहारेकऱ्यांना संशय नको म्हणून सोबत एक आंधळा रुग्ण दिला. रिझाल काय म्हणाले? वालेन्सुएलाने स्पॅनिश अधिकाऱ्यांपुढे एक सांगितलं, पुढे आठवणींत दुसरं. एकच माणूस, दोन जबान्या. त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून आम्ही तिघींनी यावर एवढा वाद घातला की राखणदाराने येऊन पाहिलं, काही बिनसलंय का म्हणून. मी पहिल्या जबानीच्या बाजूने होते. आते म्हणाली, "पहारेकऱ्यासमोर तू खरं बोलशील?"

२२ एप्रिलला मी पेपर दिला, सात पानं. मे महिन्यात दुसऱ्यांदा फॉर्म घेतला, आणखी २०० पेसो. सरांनी गुण भरायला दोन आठवडे घेतले, डीन परदेशी गेले होते म्हणून सही आणखी नऊ दिवस अडली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गुणपत्रकावर 'आयएनसी'च्या जागी २.२५ आलं. इथे १ सर्वांत वरचा, ३ काठावरचा पास. त्याच संध्याकाळी घरी फोन करून डिसेंबरचं खरं सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही.

पेपर परत मिळाला त्यावर लाल पेन होतंच. फुल्यांच्या परिच्छेदाशेजारी: "त्यांना अमेरिकेबद्दल कुठून कळलं?"

मला माहीत नव्हतं. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, थॉमस पेन वाचला होता त्यांनी, ते तर पाठ्यपुस्तकातही आहे. मग जरा थांबून म्हणाले, "आणि सावित्रीबाई अध्यापनाचं शिकल्या त्या अहमदनगरला, फॅरारबाईंकडे. त्या अमेरिकन मिशनच्या."

"म्हणजे अमेरिकन शिक्षिका?"

"हो. का?"

मी त्यांना थॉमस जहाजाबद्दल सांगायला लागले. आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, त्यांच्याकडे नऊ. त्यांनी मधेच थांबवलं, म्हणाले, थांब, वही घेतो.